आपले चिरंजीव आले आहेत

केबिनच्या खिडकीतून ते छातीपर्यंतच दिसायचे, म्हणून त्यांची इस्त्रीही छातीपर्यंतच असायची. वर पांढराशुभ्र फुल शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, खिशाला पेन. खाली घरचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, नाहीतर मांडीवर ठिगळ लावलेली हाफ पँट. पहिल्या दिवशी मी केबिनचं दार उघडलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस कपडे बदलता बदलता मध्येच थांबलाय. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. बराच वेळ कोणी बोलावलं नाही म्हणून पुन्हा डोकावलो, तर ते तसेच. "ये रे, लाजू नको," म्हणाले. "पाहुण्यांना जेवढा दिसतो तेवढा नीट आहे मी. बाकीचा माझा मी आहे."

बागेत येणाऱ्या प्रत्येकाला ते पाहुणे म्हणायचे. 'पब्लिक' म्हटलेलं त्यांना खपत नसे. सिक्युरिटीवाला "पब्लिक बहुत हो गया आज" म्हणाला की ते त्याला खिडकीपाशी बोलावून पुन्हा नीट म्हणायला लावायचे, आणि तो बिचारा बिहारचा पोरगा गेटवर उभा राहून "पाहुने जास्त आले" असं घोकायचा.

ही बाग मुलुंड आणि नाहूरच्या मधली. नाव सांगण्यात काही अर्थ नाही. मी तिथे कंत्राटदाराचा सुपरवायझर होतो, अजूनही आहे. कंत्राटदार बदलत गेले, मी राहिलो. झाडांचं खातं वेगळं. माझ्याकडे माणसांचं. पिण्याच्या पाण्याचा कूलर, शौचालयं, बाकडी, चालायच्या ट्रॅकवरचे दिवे, झाडूवाल्या बायका, आणि गेटाजवळची ही केबिन. तिच्यावर 'चौकशी व उद्घोषणा' अशी पाटी. आत एक टेबल, दोन खुर्च्या, प्रथमोपचाराची पेटी, घडी करून ठेवलेली व्हीलचेअर, सापडलेल्या वस्तूंचं फडताळ आणि माइक. एका खुर्चीवर ते, दुसरीवर मी. सगळे त्यांना माइकवाले काका म्हणत, मीही काकाच म्हणायचो. ते मला 'सुपरवायझर' म्हणत, पण अशा काही सुरात, की तो हुद्दा न राहता टोपणनाव व्हायचा.

माइकशी त्यांचं वागणं देवघरातलं होतं. बोलायच्या आधी चपला काढायच्या. एक लवंग तोंडात टाकायची. माइकच्या डोक्यावर रोज धुतलेला हातरुमाल घालायचा, कारण माइकला थुंकी लागली की आवाज आंबतो असं त्यांचं म्हणणं. मग दोनदा टिचकी. तोवर निवेदन काय करायचंय ते मी विसरलेलो असायचो. ते मात्र विसरत नसत आणि जसं सांगितलं तसं कधीच बोलत नसत. कूलर बिघडला, तर मी लिहून द्यायचो, 'कूलर बंद आहे'. ते सांगायचे, "कूलरमधला थंडपणा आज रजेवर आहे. पाणी मात्र कामावर आहे. पाहुण्यांनी पाण्याचा मान ठेवावा." पुरुषांच्या शौचालयातलं पाणी गेलं की, "थोडा धीर धरावा, टाकी भरत आहे, टाकीलाही वेळ लागतो." करवंदीच्या जाळीमागे बसणाऱ्या जोडप्यांना सिक्युरिटीवाले शिट्ट्या मारून उठवत. काका त्याच्या आधीच सांगून मोकळे व्हायचे, "करवंदीमागच्या पाहुण्यांना सूचना, शिट्टी तुमच्या दिशेने निघालेली आहे." यावर ज्येष्ठ नागरिकांच्या एका गटाने तक्रार केली. काका त्यांना म्हणाले, शिट्टीने माणूस दचकतो, दचकलेला माणूस फुलझाडं तुडवत पळतो. मी झाडांची काळजी घेतो, प्रेमाची नाही.

बागेत येण्याआधी ते मरोळच्या एका कारखान्यात होते. तो बंद पडला. पण त्यांचं खरं काम त्याआधीपासून वेगळंच होतं. विसर्जनाला चौपाटीवर आणि जत्रांमध्ये मांडव घालून हरवलेल्या माणसांची निवेदनं करतात ना, ते. त्यांचा त्यात हात धरणारा कोणी नव्हता, असं ते स्वतःच सांगत. एकदा बागेत एक लहान मुलगी रडत खिडकीपाशी आली. मी म्हटलं, सांगा, लाल फ्रॉकमधली मुलगी हरवली आहे. त्यांनी लवंग टाकली आणि सांगितलं, "लाल फ्रॉकमधल्या पाहुण्यांची आई हरवली आहे. आई जिथे असेल तिथून तिने केबिनपाशी यावं, मुलगी तिची वाट बघत उभी आहे, अजिबात घाबरलेली नाही." मुलगी रडायची थांबली. आपण हरवलेलो नसून आई हरवली आहे हे तिला पटलेलं दिसलं. बाप मात्र येऊन भांडला. माझ्या बायकोला हरवली म्हणता, लोक हसले. काका त्याला शांतपणे म्हणाले, मग तुमचं नाव घ्यायला हवं होतं का?

तो गेल्यावर मला म्हणाले, "हरवलेल्या माणसाला तू हरवलायस असं कधी सांगायचं नाही, सुपरवायझर. तुझं माणूस सापडलं, एवढंच सांगायचं."

त्या वेळी मला ते फक्त गमतीचं वाटलं.

दुपारी बाग उघडायच्या आधीच गेटापाशी चारपाच म्हातारी माणसं उभी असत. गेट उघडलं की सगळी आपापल्या बाकड्याकडे निघत, जमेल तेवढ्या घाईने, कारण शौचालयाजवळची बाकडी कमी. पिशवीत पाण्याची बाटली, नॅपकिन, गोळ्यांची पट्टी, बिस्किटाचा पुडा. ही माणसं चालत नसत, व्यायाम करत नसत, हास्यक्लबात जात नसत. बसून असत, पार दिवेलागणीपर्यंत. काका त्यांना 'ठेवलेली माणसं' म्हणायचे. हळू आवाजात, आणि माइक बंद आहे ना ते बघून. घरी सुनेच्या शिकवण्या, नाहीतर पार्लर, नाहीतर रात्रपाळीचा मुलगा झोपलेला. एका खोलीत दिवसाच्या त्या भागात त्यांच्यासाठी जागाच नसे. कोणी तसं बोलून दाखवलेलं नसे. लवकर घरी गेलं तर दाराबाहेर शिकवणीच्या पोरांच्या चपला दिसतात, एवढंच. मग चपलांच्या बाजूला जिन्यात बसण्यापेक्षा बाग बरी.

संध्याकाळी बाकीच्यांना बोलवायला कोणी ना कोणी यायचं. नात यायची, सून यायची, फोन वाजायचा. ह्यांना कोणी यायचं नाही. आजूबाजूची बाकडी रिकामी होत जायची तशी ही माणसं उगाच पिशवीत हात घालून काहीतरी शोधत बसायची. ते काकांच्या नजरेतून सुटलं नाही. मग त्यांनी ते सुरू केलं. चपला काढायच्या, लवंग, रुमाल, दोन टिचक्या. "कारंज्यापाशी बसलेले आजोबा, आपले चिरंजीव आपल्याला न्यायला आले आहेत. सावकाश यावे."

चिरंजीव आलेले नसत. तरीही कारंज्यापाशी बसलेले आजोबा शेजारच्याला म्हणायचे, चला, आला वाटतं. कशाला धडपडतो रोज, मी येतो की एकटा. उठायचे, धोतर सारखं करायचे आणि चारचौघांच्या देखत ताठ चालत गेटापर्यंत यायचे. खिडकीपाशी आले की काका वाकून सांगायचे, पुढे गेलेत, भाजी घेतायत, या म्हणाले मागून. आजोबा मान हलवायचे. हे रोज. कधी ह्यांना, कधी त्यांना, पाळीपाळीने. त्या बाकड्यांवरच्या प्रत्येकाला खरं काय ते माहीत होतं आणि कोणीही दुसऱ्याला कधी विचारलं नाही.

मी तेव्हा नवीन होतो. मला संताप आला. मी म्हटलं, काका, असल्या मुलांना गेटावर उभं करून त्यांची नावं माइकवर वाचली पाहिजेत.

ते म्हणाले, "नावं नको. घर केवढं आहे ते वाच. नावं वाचायची गरज नाही राहणार."

पण मी ऐकलं नाही. दिवसभर बोलत राहिलो. झाडूवाल्या बायकांसमोर बोललो, सिक्युरिटीवाल्यांसमोर बोललो. आईबापांवर एक छोटं भाषणच केलं म्हणा ना. आणि ते भाषण करून मी स्वतःला बांधून घेतलं, कारण पुढच्या वर्षी आई गावाहून आली.

वडील गेले, मालवणकडचं घर भावकीत अडकलं, आई एकटी पडली. आमचं नाहूरचं घर एका खोलीचं. बायको लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायची. त्यावर आमचा हप्ता चालायचा. आईला बागेत पाठवायची कल्पना माझी. बायकोची नाही. इतकी वर्षं मी ही गोष्ट अशी सांगत आलो, की ऐकणाऱ्याला वाटावं बायकोची. माझी होती. मीच आईला म्हटलं, तिथे सावली आहे, पाणी आहे, स्वच्छ बाथरूम आहे, मी स्वतः लक्ष ठेवतो. आणि मग म्हटलं, पण तिथे माझी ओळख देऊ नकोस. कंत्राटदाराला चालत नाही घरची माणसं आणलेली.

असा काही नियम नव्हता. कंत्राटदाराला काहीही चाललं असतं. मला चाललं नसतं. सगळ्यांसमोर मी जे बोललो होतो ते माझ्याच आईच्या रूपाने रोज गेटातून आत येणार, हे मला सोसवलं नसतं.

आई म्हणाली, "बरां."

तिने तो शब्द पाळला. गेटातून आत यायची, केबिनकडे न बघता पुढे जायची, कूलरजवळच्या सोनमोहराखाली बसायची. कूलर माझ्याकडे, त्यामुळे दिवसातून कितीदा तरी मी तिच्या समोरून जायचो. मी येताना दिसलो की ती पाय आत घ्यायची. मला वाट द्यायला. एखाद्या परक्या साहेबाला द्यावी तशी. तिच्या पांढऱ्या केसांत सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्या अडकलेल्या असायच्या आणि मी त्या काढू शकत नसे. घरी गेल्यावर बायको काढायची.

थोडेच दिवस गेले असतील. संध्याकाळी काकांनी चपला काढल्या, लवंग टाकली. मी बाजूच्या खुर्चीवर. "सोनमोहराखालच्या आजी, आपले चिरंजीव आपल्याला न्यायला आले आहेत. सावकाश यावे." मी वाकून बुटाची लेस बांधायला लागलो. पायात सँडल होते. आई खिडकीपाशी आली. काका म्हणाले, पुढे गेलेत आजी, रस्ता सांभाळून. आई म्हणाली, हो, तेका घाई आसता. आणि गेली. मी बराच वेळ वाकलेला होतो.

नंतर ते रोजचं झालं. माणसाला कशाचीही सवय होते. काका 'आपले चिरंजीव' म्हणायचे तेव्हा मी फडताळातल्या वस्तू लावायला घ्यायचो. एका पायाचे बूट, टोप्या, चष्मे, एक कवळी. कवळी न्यायला कोणी आलं नाही कधी.

एक दिवस मी डबा घरी विसरलो. दुपारी आई आली ती माझा डबा घेऊन. पण ओळख द्यायची नाही ना. ती खिडकीपाशी आली आणि काकांना म्हणाली, ह्यो डबो थंयसर बाकड्यार होतो, कोणाचो तरी ऱ्हवलो दिसता. बाग नुकतीच उघडत होती, बाकड्यावर अजून कोणी टेकलेलंही नव्हतं. काकांनी डबा घेतला, झाकण किंचित उचललं. बांगड्याचं तिकलं, आमच्याकडचं घट्ट तिखट कालवण. तिरफळाचा वास केबिनभर झाला. हा वास आमच्या घरचा होता, मी तो झोपेतही ओळखला असता. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चपला काढल्या, लवंग टाकली आणि माइकवर सांगितलं, "बांगड्याचं तिकलं सापडलं आहे. ज्यांचं असेल त्यांनी केबिनपाशी येऊन घेऊन जावं. घरी कोणीतरी मनापासून केलेलं दिसतंय."

आम्ही दोघं वाट बघत बसलो. कोणी आलं नाही. कोण येणार? थोड्या वेळाने त्यांनी डबा माझ्या पुढ्यात सरकवला.

"कोणी येत नाही रे. तू जेव. फुकट जायला नको."

मी जेवलो. ते खिडकीतून बाहेर बघत बसले. त्यांना कधी कळलं असं मला आता कोणी विचारलं, तर मी म्हणेन तेव्हा कळलं. किंवा त्याच्याही आधी. मी मात्र स्वतःला सांगत राहिलो की त्यांना काहीच माहीत नाही. असं स्वतःला सांगण्यात मी तरबेज होतो.

मग बागेला लागून टॉवर उभा राहिला. त्यातल्या एकाने तक्रार केली. संध्याकाळी माइकचा त्रास होतो, हे एक. आणि दुसरं, माइकवर खोटी निवेदनं केली जातात, सार्वजनिक यंत्रणेचा गैरवापर. हा माणूस कारंज्यापाशी बसणाऱ्या आजोबांचा मुलगा निघाला, जुनी चाळ पाडून टॉवरात मिळालेल्या एका खोलीत राहणारा. शेजारी त्याला म्हणाले होते, वा, तुम्ही रोज वडिलांना न्यायला जाता, छान वाटतं ऐकून. तो कधीच गेला नव्हता. पुढे कोणाच्या तरी ते लक्षात आलं असणार, कोणीतरी टोचून बोललं असणार. पालिकेच्या ऑफिसातून ही हकीगत कळली तेव्हा केबिनमध्ये सगळे त्याला शिव्या देत होते. मी फडताळातल्या टोप्या पुन्हा लावत होतो. त्या माणसाला तिथे माझ्याइतकं कोणीच ओळखत नव्हतं.

ऑफिसातले साहेब पाहणीला आले. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता, दिवसभर अशाच तक्रारी. गेटाच्या आत उभे राहिले, मला शेजारी उभं केलं आणि काकांना म्हणाले, तुम्ही रोज करता तसं करून दाखवा. निवेदन करा, बघू या कोण येतं न्यायला. मुलगा दिसला तर मी तसं वर कळवतो, विषय संपला. नाही दिसला तर माइक बंद, आणि तुम्हीही घरी.

सगळी बाकडी भरलेली होती. कारंज्यापाशी बसणारे आजोबा सोडून बाकी सगळे होते. काकांना कोणाचंही नाव घेता आलं असतं. त्यांनी चपला काढल्या. लवंग शोधायला वेळ लागला. रुमाल घातला.

"सोनमोहराखालच्या आजी, आपले चिरंजीव आपल्याला न्यायला आले आहेत. सावकाश यावे."

तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझा सूड घेतोय. त्यानंतर कितीतरी दिवसांनी माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या सगळ्या बागेत तेवढं एकच निवेदन खरं होतं. तेवढ्या एकाच आजींचा मुलगा खरोखर गेटापाशी उभा होता. आपली नोकरी वाचवायला त्यांनी खरं तेच निवडलं, आणि ते माझ्या हातात दिलं.

आई उठली. पिशवी घेतली, पदर सारखा केला, हळूहळू आली. साहेबांच्या आणि माझ्या समोर येऊन थांबली. साहेब नम्रपणे म्हणाले, आजी, कुठाय मुलगा?

आईने माझ्याकडे पाहिलं. एवढंच, की केसांतली पाकळी पडावी इतका वेळ. मग ती रस्त्याकडे बघून म्हणाली, "फुडे गेलो आसतलो."

साहेब माझ्याकडे वळले. "तू रोज इथेच असतोस. ह्यांचा मुलगा कधी पाहिलायस?"

ह्या प्रश्नाचं उत्तर फार सोपं होतं. दोन शब्दांचं होतं. ते बोलल्यावर काय झालं असतं, ह्याचा मी पुष्कळ विचार केलाय. काही झालं नसतं. सिक्युरिटीवाले चार दिवस हसले असते. झाडूवाल्या बायकांनी माझ्याच भाषणातली वाक्यं मला ऐकवली असती. बस्स.

मी म्हणालो, "नाही साहेब. कोणी येत नाही."

खिडकीत काका माइकवरचा रुमाल काढून त्याची घडी करत होते. चार पदरी घडी, कडा जुळवून. त्यांनी मान वर केली नाही. "हा उभा आहे तो मुलगा" असं त्यांना म्हणता आलं असतं. ते म्हणाले नाहीत. आई पुढे निघून गेली, रोज जायची तशी, रस्ता सांभाळून.

दुसऱ्या दिवशी काका सामान न्यायला आले. सामान म्हणजे लवंगांची डबी आणि दोन रुमाल. त्या दिवशी मात्र खाली फुल पँट होती, इस्त्रीची. बागेतले लोक म्हणाले, काका आज एकदम झकास. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, मलाही केला. जाताना कूलरकडे बोट दाखवून म्हणाले, तेवढा थंडपणा बघ रे त्याचा. माझ्या नजरेला नजर देऊन म्हणाले, नेहमीच्याच सुरात. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता बाग बंद व्हायची वेळ झाली की एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज लागतो, हिंदी, मराठी, इंग्रजी. मग शिट्ट्या. ठेवलेली माणसं अजून येतात. शिट्टी वाजली की उठतात, कोणाशी न बोलता पांगतात. शेजारच्याला 'चला, आला वाटतं' म्हणायला त्यांच्याकडे काही उरलेलं नाही. कारंज्यापाशी बसणारे आजोबा काही दिवस शिट्टी झाल्यावरही बसून राहायचे. मग यायचेच बंद झाले.

आईही त्या दिवसानंतर आली नाही. तिने कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. शिकवणीच्या वेळात ती स्वयंपाकाच्या ओट्याखाली पाट टाकून बसायची. मुलं पाढे म्हणायची, ती भाजी निवडायची, ती निवडून झाली की पुन्हा निवडायची. बोलण्यासारखं काही झालंच नाही अशा रीतीने जेवण वाढत राहिली. फक्त अधूनमधून म्हणायची, त्या माइकवाल्याक एकदा भेटाक होयां. मी म्हणायचो, नेईन. पावसाळा गेला, गणपती गेले. मी नेईन म्हणत राहिलो. शेवटी एका रविवारी तिने स्वतःच घावणे केले, डब्यात भरले, लुगडं बदललं आणि दारात जाऊन उभी राहिली.

काका भांडुपला डोंगराच्या बाजूला एका चाळीत राहायचे. पत्ता सापडायला त्रास झाला नाही. खाली एका पोरीला विचारलं तर म्हणाली, माइकवाले ना? आता नळाला पाणी आलं की ओरडतील बघा गॅलरीतून, सगळी चाळ त्यांच्याच आवाजावर बादल्या लावते. आईला जिना चढवताना मी तिचा दंड धरला होता. बागेत तिला येताजाताना मी इतकी वर्षं बघितलं होतं, पण ती इतकी हलकी झालीय हे मला माहीत नव्हतं.

दार उघडंच होतं. ते लेंग्यावर आणि बनियनवर बसले होते. आईला बघून उठले, आत गेले, आणि शर्ट घालून बाहेर आले. पांढरा, गळ्यापर्यंत बटणं. लेंगा तोच. मग आईला वाकून नमस्कार केला.

आईने डबा पुढे केला. मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "ह्यो माझो झील."

हा माझा मुलगा, असं ती तिथे सांगणार आहे हे ती मला म्हणाली नव्हती. मी तयार नव्हतो. मी काकांकडे बघितलं. एका केबिनमध्ये, एका टेबलाशी, इतकी वर्षं बसलेलो आम्ही. मला वाटलं, आता हे हसतील. नाहीतर म्हणतील, हो आजी, ओळखतो ना ह्याला.

त्यांनी मला आधी कधी पाहिलंच नसावं तसे हात जोडले.

"असं का? नमस्कार. आजी, तुम्हाला रोज न्यायला यायचे ते हेच का? मला खिडकीतून कधी नीट दिसले नाहीत."

आई माझ्याकडे बघत होती. ते बघत होते. आतून त्यांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, तीही थांबली. ही दया होती की थप्पड, हे मला त्या वेळी कळलं नाही. आज कळलंय असंही नाही.

"हो," मी म्हणालो. "मीच यांचा मुलगा."

"बसा," काका म्हणाले. "पाहुणे उभे राहिलेले बरे दिसत नाहीत."

मग चहा झाला, घावणे झाले. आई आणि ते बागेबद्दल बोलत राहिले. सोनमोहर कसा आहे, कूलर चालतो का. कूलरचं मला विचारलं नाही, आईला विचारलं. कामाबद्दल काही नाही, साहेबांबद्दल काही नाही. मी माफी मागायची वाक्यं जुळवत बसलो होतो आणि त्यांनी मला मध्ये फटच मिळू दिली नाही. मी अनोळखी होतो. अनोळखी माणूस माफी कशाची मागणार?

निघालो. जिन्याच्या तोंडाशी पोचलो तेव्हा मागे गॅलरीत त्यांनी चपला काढल्याचा आवाज ऐकला. तो आवाज मला पाठ होता. मी म्हटलं, आई, जरा पाय उचल. पण तिचे गुडघे त्यांच्याच गतीने चालतात. तोंडापुढे रुमाल धरून, माइक नसलेल्या त्या खड्या आवाजात, त्यांनी सगळ्या चाळीला सांगितलं,

"सोनमोहराखालच्या आजी निघाल्या आहेत. त्यांचे चिरंजीव त्यांना न्यायला आले आहेत, सोबत आहेत. पाहुण्यांना वाट द्यावी."

पाणी आलं समजून बायका बादल्या घेऊन बाहेर आल्या. दारं उघडली, मजल्यामजल्यावर माणसं कठड्याला आली आणि आमच्याकडे बघायला लागली. आई थांबली. तिने वर बघून हात हलवला, एखाद्या लग्नातून निघावं तसा. खरं सांगतो, तेव्हासुद्धा माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की ह्यांच्यात मला ओळखणारं कोणी नाही ना. मी सगळे चेहरे बघून घेतले. कोणी नव्हतं.

आई म्हणाली, चल रे. तिने माझा दंड धरला आणि आम्ही सगळ्यांच्या देखत एकेक पायरी उतरत राहिलो.